एका जुडीचा हंगाम

ज्या शहराभोवती दिंडोरी, निफाड, सिन्नर अशा तालुक्यांची शेते पसरली आहेत, जिथून रोज भाजीपाल्याच्या गाड्या कसारा घाट उतरून मुंबईला जातात आणि जिथल्या बाजार समितीत कोथिंबिरीचा भाव शंभर जुड्यांच्या हिशेबाने निघतो, त्या नाशकात राहून चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत कोथिंबीर पिकवायला निघणे म्हणजे गोदाकाठी बसून विहीर खणण्यासारखे आहे. हे शहाणपण मला आता सुचते आहे. जुलैमध्ये मात्र पावसाने कोथिंबीर सडून भाव चढले होते, आणि आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींनी दोनशे रुपयांच्या भाजीवर फुकटच्या चार काड्यासुद्धा टाकायचे नाकारले. "दादा, आज तेवढं मागू नका," असे त्या अगदी आपुलकीने म्हणाल्या. पण मला ते लागले. घरी येऊन मी जाहीर केले की यापुढे या घरात कोथिंबीर विकत येणार नाही.

सहा कुंड्या आणल्या आणि त्यांच्यासोबत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, पाच किलोची दाबलेली वीट आणली. वीट दिसायला एवढीशी होती. ती पाण्यात भिजवावी, असे वेष्टनावर लिहिलेले होते. पण ती फुगून साधारण ७० लिटर होते, हे ज्या बारीक अक्षरांत छापले होते त्यांच्यासाठी मी चष्मा लावला नव्हता. न्हाणीघरातल्या टबात वीट टाकून मी चहाला बसलो आणि परत आलो तेव्हा टबाने हात टेकले होते. वीट कडांनी उलत, भेगाळत, भाकरीसारखी फुगत टबाच्या काठावरून फरशीवर उतरत होती, आणि मधला गाभा अजून कोरडाच असल्यामुळे तिचा उत्साह संपण्याची चिन्हे नव्हती. सहा कुंड्या भरल्या, दोन बादल्या भरल्या, जुना माठ भरला, आणि उरलेले मी पुरणयंत्राच्या रिकाम्या खोक्यात दडवले. ते श्रावणात सापडले. त्याविषयी येथे लिहीत नाही.

बियाणे विकत आणण्याची गरज मला वाटली नाही, कारण धने घरात होतेच. डब्यातले मूठभर धने रात्रभर भिजवून पेरले आणि रोज सकाळी कुंडीवर वाकून बसू लागलो. आठवडा गेला. दहावा दिवस झाला, बारावा आला, तरी काहीच उगवले नाही. सौभाग्यवतींनी सहज विचारले, "धने कुठल्या डब्यातले घेतलेत?" मी डबा दाखवला. ते धने काळ्या मसाल्यासाठी तेलावर भाजून ठेवलेले होते.

निफाडकडचे माझे मामा द्राक्षबागायतदार आहेत. त्यांना फोनवर ही हकिकत सांगितली, तेव्हा पलीकडे बराच वेळ नुसता खोकल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "भाचेबुवा, न भाजलेला धना घ्या आणि चपलेखाली हलका रगडा. एका धन्यात दोन बिया असतात. फुटून दोन डाळी झाल्या की उगवण चांगली होते." त्याप्रमाणे केले आणि नवव्या दिवशी हिरवी टिंबे वर आली. मी त्यांचे फोटो मामांना पाठवले. मामांनी उत्तरादाखल आपल्या चार एकरांचा फोटो पाठवला.

यानंतर तिसऱ्या मजल्यावरचे काका वर आले. कोकोपीटमधून सुरुवातीला चहाच्या रंगाचे पाणी झिरपते, आणि ते पाणी खाली त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या लेंग्यावर उतरले होते. काका बँकेतून निवृत्त झालेले, मृदुभाषी गृहस्थ आहेत. "तुमच्या शेतीचा माझ्याकडे निचरा होतो आहे," एवढेच ते म्हणाले. मी शरमून कुंड्यांची भोके बुजवली. परिणामी काकांचा लेंगा पांढरा राहिला आणि कोथिंबीर पिवळी पडली. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या गडबडीतून औषधे न्यायला शहरात आलेले मामा बाल्कनीत डोकावले. मला वाटले होते, ते द्राक्षांसारखे डावणी, भुरी असे काहीतरी भारदस्त निदान करतील. त्यांनी कुंडीत बोट खुपसले, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "मुळं कुजली. चोवीस तास पाण्यात पाय सोडून तुम्ही तरी जगाल का?"

तिसरी पेरणी करण्याआधीच दोन कुंड्या कबुतराने ताब्यात घेतल्या. एकीत त्याने चार वाकड्या काड्या टाकून त्याला घरटे म्हटले आणि दोन अंडी घातली. दुसरी केवळ बसायला ठेवली. अंडी अठरा दिवस, पिल्ले आणखी महिनाभर, असा हिशेब कळल्यावर मी त्या कुंड्यांचा नाद सोडला. बाकी सर्वत्र विष्ठा होती. तशीच ती कढीपत्त्याच्या रोपावरही दिसली, काळपट, पांढऱ्या ठिपक्याची, आणि मी ती पुसण्याचाही कंटाळा केला.

आठवड्याने त्या विष्ठेने निम्मा कढीपत्ता खाल्लेला होता. वाकून पाहिले तर ती विष्ठा नव्हती, सुरवंट होते. लहानपणी ते मुद्दाम पक्ष्याच्या शिटेसारखे दिसतात, म्हणजे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. आता ते हिरवेगार आणि करंगळीएवढे झाले होते. काडीने डिवचताच एकाने डोक्यामागून नारिंगी, दुहेरी शिंग बाहेर काढले आणि असा काही दर्प सोडला की मीच मागे सरलो. त्यांना उचलून फेकणार, इतक्यात आठवीतल्या कन्येने हात धरला. ही लिंबाच्या फुलपाखराची पिल्ले आहेत आणि राणी पाकोळी, जिला महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले, ती यांच्याच भावकीतली आहे, असे तिने बजावले. शासनदरबारी एवढा वशिला असलेल्या पाहुण्यांपुढे माझे काय चालणार? उरलेला कढीपत्ताही त्यांनीच संपवला.

डिसेंबरच्या थंडीत मात्र चार कुंड्यांत कोथिंबीर खरोखर आली. एका रविवारी मी ती समारंभाने कापली. सगळी मिळून पोह्यांच्या दोन बशांना पुरली. तिसऱ्या बशीला, म्हणजे माझ्या, पुरली नाही.

त्याच दुपारी मामा दारात उभे राहिले. भाव इतके पडले होते की बाजारात नेण्याचा खर्चही निघेना, म्हणून शेजारच्या शेतकऱ्याची कोथिंबीर त्यांनी गोणीभर आणली होती. गोणी ठेवायला जागा नव्हती, तेव्हा ती माझ्या चार कुंड्यांवर आडवी टाकली. संध्याकाळी मी इमारतीत दारोदार जुड्या वाटल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी जुडी हातात घेतली, हुंगली, आमच्या बाल्कनीकडे मान उंचावून पाहिले आणि विचारले, "एवढी येते कुंड्यांत?"

मी खरे सांगायला तोंड उघडले होते. पण पाच महिन्यांत या विषयावर माझ्याकडे कोणी आदराने पाहिलेच नव्हते. "निचरा सांभाळावा लागतो," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. काका नव्या गमबुटांत उभे होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत पाच किलोची वीट होती. "ही नुसती पाण्यात टाकायची ना?" त्यांनी विचारले.