फोटोतलं ते जी बी विमान डूलिटलचं नाहीये

मंडळी, लाल-पांढऱ्या बुटक्या विमानाचा जो फोटो सगळीकडे फिरतोय ना, खाली लिहिलंय की अमेरिकन पायलट जिमी डूलिटलने १९३२ ची विमानांची रेस जिंकली तेच हे विमान, अजून उडतंय. ते चूक आहे, ती रेप्लिका आहे, म्हणजे नंतर बनवलेली हुबेहूब नक्कल.

डूलिटलचं खरं विमान म्हणजे जी बी आर-१, ते ग्रॅनव्हिल बंधूंनी अमेरिकेत स्प्रिंगफील्डला बनवलं, डूलिटलने त्यात ताशी ४७६ किमीचा रेकॉर्ड केला आणि क्लीव्हलंडची थॉम्पसन ट्रॉफी, म्हणजे ती १९३२ ची रेस, पण मारली. पुढच्याच वर्षी इंडियानापोलिसला ते पडलं, त्यात पायलट रसेल बोर्डमन गेला. मग त्याचे आणि जोडीच्या आर-२ चे पार्ट जोडून एक विमान केलं, ते १९३५ मध्ये पडलं आणि सेसिल अ‍ॅलन गेला. म्हणजे ओरिजिनल एकही उरलेलं नाही.

कनेक्टिकटच्या म्युझियममध्ये आहे ती पण रेप्लिकाच, आणि एअरशोत उडायची ती आर-२ ची रेप्लिका डेलमार बेंजामिन आणि स्टीव्ह वुल्फने बनवली, ती १९९१ ला पहिल्यांदा उडाली.

आणि "हे विमान कंट्रोलच होत नाही" असंही लोक लिहितात. अवघड होतंच ते, पुढे भलंमोठं इंजिन, पंख आखूड आणि पायलट पार शेपटीला चिकटून बसलेला, पण बेंजामिन त्याच डिझाइनचं विमान हवेत कुशीवर आडवं करून (एक पंख वर, एक खाली) रनवेवरून उडवत न्यायचा, कित्येक वर्षं एअरशो केले त्याने. कृपया फोटो पुढे पाठवताना खाली रेप्लिका लिहा, दोन माणसं गेलीत त्या खऱ्या विमानात.