‘पार्किन्सनने कुणी मरत नाही’ म्हणणाऱ्यांना

आमच्या नागपूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. पार्किन्सन म्हणजे म्हातारपणाची थरथर, त्याने कुणी मरत नाही, दवाखान्यात भरती व्हायची वेळ येत नाही आणि गोळ्या जितक्या उशिरा सुरू कराल तितक्या बऱ्या, असं त्यात आहे. माझ्या बाबांना हा आजार नऊ वर्षं होता, म्हणून गप्प बसवत नाही.

थरथरीचं म्हणाल, तर बाबांचा हात कधी थरथरलाच नाही. दुधाच्या हिशेबाच्या वहीतलं त्यांचं टपोरं अक्षर मुंगीएवढं होत गेलं, तेव्हा आम्हाला शंका आली.

आता मरणाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ३ लाख २९ हजार माणसं या आजाराने गेली, २००० सालच्या दुपटीहून जास्त. मग आपल्याला ती दिसत का नाहीत? आजार वाढला की गिळणं बिघडतं, घास श्वासनलिकेत उतरतो, न्यूमोनिया होतो आणि कागदावर न्यूमोनियाच उरतो. बाबांच्या दाखल्यावर पार्किन्सन हा शब्दच नाही. त्यात आपल्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याचं कारण डॉक्टर प्रमाणित करतात. नोंद नाही म्हणजे मृत्यू नाही, असं कसं म्हणायचं?

भरतीची वेळ तर येतेच. पडून खुब्याचं हाड मोडतं, लघवीत संसर्ग होतो, भास होऊन माणूस रात्रभर बडबडतो. या आजारात उठून उभं राहताना रक्तदाब खाली येतो, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालं की जास्तच. बाबा असेच न्हाणीघराच्या दारात पडले. ज्या दवाखान्यात नेलं तिथे पार्किन्सनची सकाळी आठची गोळी अकराला मिळाली. तोवर त्यांना चमचा धरता येईना, बोलताही येईना. ही गोळी अचानक बंद झाली तर तापासह जिवावर बेतू शकतं. मळमळीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइडही डोपामिन, म्हणजे या आजारात मेंदूत कमी पडणारं रसायनच, अडवतं, तेही अशा रुग्णाला नको.

राहिलं उशिरा गोळ्या घेण्याचं. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना लेव्होडोपा हे पार्किन्सनचं मुख्य औषध लगेच दिलं, बाकीच्यांना ४० आठवडे थांबवलं. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. थांबून काही वाचलं नाही, मधले महिने मात्र अवघडलेल्या अंगाने गेले. गोळी कधी सुरू करायची ते मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील, फॉरवर्ड नाही.

पुढच्या भरतीच्या वेळी आईने गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहिल्या आणि बाबांच्या उशाशी भिंतीला चिकटवल्या. त्या सहा दिवसांत एकही गोळी चुकली नाही.