रिव्ह्यूला उत्तर: मेसेज भलत्याच मेलबॉक्समध्ये गेला त्याबद्दल

नमस्कार साहेब, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. मी बसवलेल्या फोन सिस्टिममध्ये तुमच्या गिऱ्हाइकाचा कोटेशनचा व्हॉइसमेल मेसेज भोसरीच्या सेल्सला मिळायच्या ऐवजी नाशिकच्या डिस्पॅचला गेला, तिथे दोन दिवस कोणी ऐकला नाही आणि ऑर्डर हातची गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. नुकसान तुमचं झालं, ते मी नाकारत नाही.

पण तुम्ही लिहिलंय की "सिस्टिम मनाला येईल तिथे मेसेज टाकते, हे फुकटचं सॉफ्टवेअर माथी मारून १८ हजार घेतले". साहेब, हे वाक्य फार लागलं. ऑफिसचे फोन आणि व्हॉइसमेल चालवणारं हे सॉफ्टवेअर, अ‍ॅस्टेरिस्क, फुकटच आहे, १९९९ पासून आहे, आणि हे मी लपवलेलं नाही, कोटेशनच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं. १८ हजार दोन ऑफिसच्या जोडणीचे आणि मजुरीचे आहेत. आणि मनाला येईल तिथे म्हणाल तर ती मशीन आपल्या मनाने मेसेज कुठेच टाकत नाही, तिला जो नंबर आणि जी शाखा मिळते तिथेच टाकते.

आता जे झालं ते नीट सांगतो, कारण हा रिव्ह्यू उद्या दुसरं गिऱ्हाईक वाचणार आहे आणि माझं घर याच्यावरच चालतं.

तुमच्या नाशिकला पण २०४ नंबरचं एक्स्टेन्शन (ऑफिसच्या आतला फोन नंबर) आहे आणि भोसरीला पण २०४ आहे, जुन्या ईपीएबीएक्सपासूनच, म्हणजे ऑफिसच्या आतले फोन जोडणाऱ्या जुन्या मशीनपासून. एकाच सोसायटीत ए विंगला पण २०४ आणि बी विंगला पण २०४, कुरिअरवाल्याला विंग सांगितली नाही तर तो काय करणार? म्हणून मी पहिल्या मीटिंगलाच म्हटलेलं की नाशिकचे १२०४ आणि भोसरीचे २२०४ असे चार आकडी करू, दोन्हीकडे कुठलाच नंबर रिपीट होणार नाही. तुम्ही म्हणालात कार्ड छापून झालीत, पोरांना जुने नंबर तोंडपाठ आहेत. ठीक आहे, मग मी पुढे ७ लावला की नाशिक आणि ८ लावला की भोसरी असं केलं, आणि व्हॉइसमेलमध्ये दोन वेगळे कप्पे केले, म्हणजे नाशिकचा २०४ वेगळा आणि भोसरीचा २०४ वेगळा. हे आजही बरोबर चालतंय, मी सोमवारी तुमच्यासमोर दहा वेळा टेस्ट करून दाखवलं.

बाहेरून येणाऱ्या कॉलचं पण तसंच. पुण्यातला माणूस लँडलाईनवरून नुसते ८ आकडे दाबतो, मुंबईचा पुढे ०२० लावतो, बाहेर देशातला +९१२० लावतो, शेवटी टेलिफोन कंपनीकडून आपल्याकडे नंबर येतो तेव्हा मी शेवटचे ४ आकडे धरून तो एक्स्टेन्शनला जोडलाय. तिथेही काही घोळ नाही.

घोळ झाला फॉरवर्डमध्ये. तुमचा सेल्सचा मुलगा सुट्टीवर जाताना आपल्या फोनवरून ७२०४ ला फॉरवर्ड टाकून गेला. गिऱ्हाइकाने भोसरीला फोन केला, भोसरीच्या मशीनने तो नाशिकला पाठवला, पुढचा ७ काढून टाकला कारण नाशिकच्या आत २०४ च असतो, तिथे संध्याकाळी सातला कोणी उचलला नाही आणि मेसेज नाशिकच्या २०४ मध्ये पडला. सोमवारी मी तुमच्या टेबलावर त्या मेसेजची फाईल उघडून दाखवली, आवाजाच्या फाईलशेजारी एक छोटी टेक्स्ट फाईल असते, त्यात मेलबॉक्स, एक्स्टेन्शन, कॉलर आयडी, तारीख, किती सेकंद, सगळं लिहिलेलं असतं. त्यात मेलबॉक्स २०४ आणि कप्पा नाशिक असं स्पष्ट होतं. तुम्ही पण वाचलंत.

खरा प्रश्न असा की फॉरवर्ड झालेल्या कॉलचा मेसेज कोणाचा, ज्याचा नंबर गिऱ्हाइकाने पहिल्यांदा लावला त्याचा, का ज्याच्याकडे शेवटी वाजला त्याचा? कॉलबरोबर डायव्हर्जन म्हणून एक ओळ येते, त्यात आधी कोणाला लागला होता ते असतं, जितक्या वेळा फॉरवर्ड तितक्या ओळी, म्हणजे माहिती मशीनकडे असते, फक्त कुठला नंबर धरायचा ते आपण सांगायचं. सिस्को कंपनीच्या युनिटी कनेक्शनसारख्या महागड्या व्हॉइसमेल सिस्टिममध्ये पण पहिला का शेवटचा हे सेटिंग वेगळं द्यावं लागतं, हे काही फुकटच्या सॉफ्टवेअरचं दुखणं नाही. मी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलेलं, तुमचं उत्तर होतं "ज्याच्याकडे वाजेल त्याच्याकडेच जाऊ दे, सुट्टीवरच्याच्या मेलबॉक्समध्ये पडून काय उपयोग". आणि ते चूक नव्हतंच, तसं केलं नसतं तर हा मेसेज त्या मुलाच्या मेलबॉक्समध्ये तो परत येईपर्यंत पडून राहिला असता. पण मग त्याची जबाबदारी एकट्या माझ्यावर कशी येते?

तीन दिवस आलो नाही असंही लिहिलंय. तुमचा फोन शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला आला, त्याच रात्री घरून लॉगिन करून लॉग (कॉलच्या नोंदी) काढले, शनिवारी सिन्नरला आधीच ठरलेली साईट होती, रविवार सुट्टी, आणि सोमवारी पहाटे निघून चाकणचं ट्रॅफिक काढून साडेनऊला भोसरीत हजर होतो. जाण्यायेण्याचे पैसे मागितले नाहीत.

एक गोष्ट माझी चुकली ती कबूल करतो. व्हॉइसमेलमधून परत कॉल लागत नाही ही तक्रार बरोबर होती. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला पुढे ० लावावा लागतो, तो आपोआप लागायचा नियम मी टाकलेला, पण तो फक्त १० आकडी नंबरसाठी होता, काही कॉलरचे नंबर +९१ सकट येतात ते त्यात बसत नव्हते. ते सोमवारीच दुरुस्त केलं. दोन ऑफिसमध्ये एकमेकांना फॉरवर्ड टाकलं तर काय होतं हे तुमच्या स्टाफला बसवून दाखवायला हवं होतं, ते पण राहिलं, पुढे ट्रेनिंगचं काहीतरी बघतो.

फॉरवर्डच्या मेसेजची एक कॉपी मूळ माणसाच्या मेलबॉक्सला पण जाईल असं करतोय, त्याचे पैसे नाहीत. रिव्ह्यू काढा म्हणत नाही, पण "मनाला येईल तिथे" एवढं तरी बदला साहेब. तोपर्यंत भोसरीत कोणाला नाशिकला फॉरवर्ड टाकू देऊ नका, मी बुधवारी येतो.