पडवळाला नावं ठेवणाऱ्यांनो

सकाळपासून डोकं तापलंय. मुळशीकडच्या दीड एकराच्या एका शेतातून आमच्या सोसायटीत दर शनिवारी भाजीच्या पिशव्या येतात. हंगामाचे पैसे आधी भरायचे आणि शेतात निघेल ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. आज पडवळ, दोडके, लाल भोपळ्याची फोड आणि माठाची जुडी आली. लगेच ग्रुपवर सुरू : ‘परत पडवळ? गाजरं कुठायत? पैसे परत द्या.’

अहो, ऑक्टोबर चाललाय! लाल गाजरं थंडी पडल्यावर येतात. आत्ता मांडवावर जे लटकतंय तेच पिशवीत येणार ना?

गेल्या वर्षी परतीच्या पावसानं त्या शेतावरच्या ताईंचा मांडव आडवा केला. त्या रविवारी आम्ही तिथं होतो. ताई चिखलात बसून वेल सोडवत होत्या. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला सुतळीनं खडा बांधतात. ते खडे एकेक सोडून ओच्यात टाकत होत्या, परत लागतील म्हणून. त्या आठवड्यात पिशवीत दोडके तीनच, आणि वर दोन लिंबं. म्हणाल्या, ‘भाजी कमी पडली ना, म्हणून बांधावरची घातली.’ आम्ही काही मागितलं नव्हतं हो.

पैसे आधी भरलेत, मान्य. पोरं पडवळ बघून तोंड फिरवतात, तेही मान्य. पण पीक गेलं तर नुकसानही वाटून घ्यायचं, हे ठरलं होतं की नाही? जपानमध्ये १९७०च्या दशकात शहरातल्या बायकांनी शेतकऱ्यांशी असंच ठरवून घेतलं, ‘तेइकेई’ म्हणतात त्याला. शेतात येईल ते घ्यायचं, वाकडं असो, कमी असो. आणि आपण? ती दोन लिंबं घालणाऱ्या बाईकडे पैसे परत मागायचे? लाज वाटते मला.

जाऊ दे. ज्यांना खरंच जमत नाही त्यांनी मला विचारा. पडवळात भिजवलेली हरभऱ्याची डाळ घाला, वरून ओलं खोबरं. दोडक्याच्या शिरा फेकू नका, तीळ घालून खमंग चटणी होते. पोळीबरोबर माझा मुलगा वाटी पुसून खातो.

एक पिशवी दुपारपर्यंत वॉचमनच्या टेबलाखाली तशीच पडून होती. शेवटी मीच वर आणली. आतल्या एका पडवळाच्या टोकाला सुतळी राहिली होती, खड्यासकट. तो धुऊन ठेवलाय. पुढच्या शनिवारी टेम्पोवाल्या दादांबरोबर ताईंकडे परत पाठवते.