पतसंस्था बुडत असताना नाटकाचा आनंद कसा घ्यावा

तालुक्याच्या गावातील आपल्या पतसंस्थेने शटर ओढले असेल, त्यावर ‘तांत्रिक कारणास्तव व्यवहार तात्पुरते बंद’ असा कागद डकवला असेल आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम त्या शटरच्या आत राहिली असेल, तर सर्वप्रथम मन शांत ठेवावे. दिवाळी झाली आहे, भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे आपली जत्रा, भरू लागली आहे, धान बांधीतून खळ्यावर आले आहे आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाट्यमंडळांच्या तारखा होळीपर्यंत लागल्या आहेत. अशा ऐन हंगामात ठेवीसारख्या क्षुल्लक गोष्टीपायी स्वतःचा आणि पाहुण्यांचा रसभंग करणे झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातील, माणसाला शोभत नाही. संकट आणि सण हे दोन्ही एकाच वेळी नीट अनुभवता यावेत, यासाठी माझ्यासारख्या ठेवीदाराने केलेले हे मार्गदर्शन आहे.

दूरच्या आर्थिक संकटांचा अभ्यास अवश्य करावा. 15 सप्टेंबर 2008 रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कशी कोसळली, हे आपल्याकडील पानटपरीवर कोणीही सुपारी कातरता कातरता सांगू शकतो. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले आणि खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा दिली, यावर तर आपण तेव्हा चहाच्या किती फेऱ्या संपवल्या असतील. फक्त आपल्या पतसंस्थेचा लेखापरीक्षक कोण आणि थकीत कर्ज कोणाकोणाकडे आहे, एवढे दोन प्रश्न टपरीवर काढू नयेत. गावात वाईटपणा येतो.

‘रिझर्व्ह बँक काहीतरी करेलच’ हे वाक्य दिवसातून दोनदा, शक्यतो जेवणानंतर, म्हणावे. ठेवींवरील विम्याची मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून एक लाखावरून पाच लाख रुपये झाली, हेही अभिमानाने सांगावे. तो विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थेला नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालते. आणि ही माहिती शटर पडल्यानंतरच मिळवायची असते. धानाचे चुकारे जमा झाल्याची कुणकुण लागताच जो एजंट अंगणात येऊन बसत असे, त्याने ती कधी दिली नाही. त्याने राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा चार टक्के जास्त व्याज सांगितले, वहिनींच्या हातचा चहा घेतला आणि पावतीवर सही केली.

शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, न चुकता जावे, कारण तेथे कोणती जोडी हरली हे निदान त्याच दिवशी कळते.

मात्र खरा आनंद नाटकाच्या रात्रीचा, आणि त्याची पूर्वतयारी काटेकोरपणे केली पाहिजे. गावात नाटक म्हणजे घरोघरी पाहुणे, लेकी-जावई, सोयरिकीच्या गोष्टी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. त्या दिवशी सकाळी नाटकाची गुलाबी पत्रिका हाती आली की प्रयोगाचे नाव शोधत बसू नये, कारण ते तळाशी बारीक अक्षरात असते. वरचा सगळा भाग उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वालक, अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि ‘विशेष उपस्थिती’ यांनी व्यापलेला असतो. परवा आमच्याकडच्या पत्रिकेत सहउद्घाटकाच्या जागी, छायाचित्रासह, त्याच पतसंस्थेच्या अध्यक्षांचे नाव होते, जिच्या शटरवरील कागद पावसाने भिजून आता अर्धा गळून पडला आहे. मला वाटले की पत्रिका छापल्यावर शटर पडले असेल आणि ते बिचारे तोंड दाखवायला येणार नाहीत. ते आले. पांढऱ्या गाडीतून, वेळेवर आले. मंडळाच्या पोरांनी डफडे वाजवून त्यांना मंचापर्यंत नेले, शाल आणि श्रीफळ दिले, निवेदकाने त्यांचा उल्लेख ‘सहकारमहर्षी’ असा केला आणि त्यांनी मंडळाला अकरा हजारांची देणगी जाहीर करताच मंडपातून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पडद्यामागचे कलाकार दचकले असावेत. त्या अकरा हजारांतील नोटा कोणाच्या पासबुकातून निघाल्या, हा विचार खुर्चीच्या तिकिटवाल्यांना सुचला नाही आणि खाली बसलेल्यांना सुचून उपयोग नव्हता. माझ्या पुढ्यात आठवडी बाजारात भाजी विकणारी एक बाई ताडपत्रीवर बसली होती. ती रोजचे पन्नास रुपये पिग्मीत, म्हणजे पतसंस्थेच्या दैनिक बचतीत, भरत असे, आणि तिचे पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पदराच्या गाठीला होते, कारण साहेब येणार आहेत तर विचारून घेऊ, असे तिच्या मनात होते. सत्कार संपल्यावर ती उठली. मंडळाच्या एका स्वयंसेवकाने तिला खाली बसवले आणि म्हटले, “आजच्या दिवशी नोको काढू ना बाई तो विषय, प्रोग्राम खराब होते.” मी मधे पडलो तेव्हा मलाही तोच उपदेश मिळाला, फक्त मला ‘गुरुजी’ म्हणून आणि शेवटी ‘जी’ लावून.

त्यानंतर भाषणे झाली. ती किती लांबली हे झाडीपट्टीच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. नाटक सुरू झाले आणि दुसऱ्या अंकात एका सावकाराने विधवेची जमीन लिहून घेतली, तेव्हा सगळा मंडप चवताळून उठला. बायकांनी बोटे मोडली, मागून कोणीतरी त्या नटाला इरसाल शिवी हासडली. पहिल्या रांगेतील सोफ्यावर सहकारमहर्षीही हळहळत होते. पहाटे घरी परतताना सगळ्यांचे एकमत होते की सावकाराचे काम फार उत्तम झाले.

वार्षिक सर्वसाधारण सभेला मात्र जाऊ नये. कायद्याप्रमाणे ती 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, तेव्हा शेतात निंदणाची कामे असतात, आणि गेलात तरी स्टीलचा डबा व आलूबोंडा घेऊन, अहवालाची पुस्तिका न उघडता परत यावे.

पण आता उपरोध पुरे झाला, कारण तो ज्यांना झोंबायला हवा ते वाचत नाहीत, आणि जे वाचतात ते हसून पुढच्याला पाठवतात. स्पष्ट सांगतो. त्या अध्यक्षापेक्षा मला तुमचा, माझ्यासारख्याच ठेवीदारांचा, राग अधिक आहे. शंकरपटावर 2014 मध्ये बंदी आली तेव्हा याच आपल्या लोकांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, आणि 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मान्यता देणारे कायदे वैध ठरवेपर्यंत विषय सोडला नाही. बैलांसाठी नऊ वर्षे दम निघाला. स्वतःच्या घामाच्या पैशासाठी एक अर्ज लिहायला तुमचा हात का उचलत नाही? त्या पंजाब अँड महाराष्ट्र बँकेचे मुंबईचे खातेदार रिझर्व्ह बँकेच्या दारात फलक घेऊन बसले होते, आणि तुम्ही बुडवणाऱ्याला शाल पांघरली म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या बाईला खाली बसवणारा पोरगा कोणाचा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या बापाचीही ठेव त्याच शटरच्या आत आहे.

1960 च्या सहकार कायद्यात चौकशीचे कलम 83 आहे, संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करणारे कलम 88 आहे, आणि ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा 1999 चा कायदा मालमत्ता जप्त करू देतो. ही कलमे आपोआप उठून तुमच्या दारी येणार नाहीत. पावत्यांच्या छायाप्रती काढाव्या लागतात, सहायक निबंधकाच्या कार्यालयात खेपा घालाव्या लागतात, पोलिसांत तक्रार द्यावी लागते आणि पुढच्या वेळी पत्रिकेत ते नाव दिसले तर मंडळाला वर्गणी देणार नाही, असे तोंडावर सांगावे लागते. अर्ज मी लिहून ठेवला आहे. आठवडाभर तो माझ्या ओट्यावर पडून आहे आणि त्यावर त्या भाजीवाल्या बाईचा अंगठा व माझी सही, एवढेच आहे. बाकीच्यांनी सही करायला यावे म्हणून काय आता तिकीट लावू?