'ऑनलाइन' दिसलात म्हणून ठिकाण कळत नाही

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : व्हॉट्सअ‍ॅपवर 'ऑनलाइन' दिसलात की तुम्ही कुठं आहात ते सगळ्यांना कळतं. साफ खोटं. अ‍ॅप उघडं आहे आणि नेट चालू आहे, एवढंच त्यातून समजतं. मेसेज वाचलाच, असंही नाही. (यावरून घरोघरी रुसवेफुगवे होतात, ते वेगळंच!)

ठिकाण तुम्ही स्वतः पाठवलं तरच जातं. लाइव्ह लोकेशन (तुम्ही फिराल तसं नकाशावर सरकत दिसणारं ठिकाण) १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येतं, मध्येच बंदही करता येतं. गोव्याहून येणाऱ्याची चोर्ला घाटात रेंज गेली, की नकाशावरचा ठिपका तिथंच अडकतो. गाडी बंद पडली असं समजून लगेच फोनाफोनी नको.

'लास्ट सीन' (अ‍ॅपवर शेवटचे कधी होतात ती वेळ) आणि 'ऑनलाइन' दोन्ही प्रायव्हसी सेटिंगमधून लपवता येतात.