‘गोळ्या वेळेवर घेतोस ना?’

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, “एचआयव्हीवाल्यांना सरकार फुकट गोळ्या देतं, तरी त्यांना पुन्हा गुप्तरोग होतात. म्हणजे सुधारले नाहीतच. मग आपल्या पैशानं का पोसायचं?” त्याखाली भराभर अंगठे पडले. मी मँचेस्टरला लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यात नर्स आहे आणि तरीही मूग गिळून बसले. ते सलतंय, म्हणून इथे लिहिते.

आमच्या दवाखान्यात एचआयव्हीच्या नेहमीच्या तपासणीला आलेल्या माणसाला मी विचारते, मागच्या खेपेनंतर कुणाशी संबंध आला, कसा आला, निरोध होता का. रक्तदाब मोजताना जो सूर असतो, तोच सूर. मग सिफिलिस, म्हणजे गरमी, त्यासाठी रक्त, शिवाय लघवी आणि गरजेप्रमाणे घशाचा, गुदद्वाराचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना. स्वॅब ज्याचा त्यानंच घ्यायचा, कसा ते संडासाच्या भिंतीवर चित्रांत दाखवलंय. घशातला गनोरिया, म्हणजे परमा, बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे मुद्दाम शोधला तरच सापडतो.

आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या मोफत मिळू लागल्या. त्यानं किती घरं वाचली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सरकारी दवाखान्यांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, लक्षणाप्रमाणे औषधांची वेगवेगळ्या रंगांची किट मिळतात : स्राव असेल तर करड्या रंगाचं, जखम असेल तर पांढरं. प्रयोगशाळा हाताशी नसते तिथे ही सोय मोलाची आहे. पण ज्याला लक्षणच नाही, त्याच्या हाती सहसा कुठलंच किट पडत नाही.

माझा एक शाळेतला मित्र, त्याच्या परवानगीनं लिहिते. बारा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या चालू, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडत नाही इतका कमी. पॉझिटिव्ह वधू-वर मेळाव्यात लग्न जमलं. दोघंही पॉझिटिव्ह, मग निरोध कशाला, असं त्यांना वाटलं. व्हायरल लोड असा दाबून ठेवला की संबंधांतून एचआयव्ही जोडीदाराला जात नाही, हे शंभर टक्के खरं आहे आणि गावोगाव सांगायला हवं. पण सिफिलिसला त्या रिपोर्टशी काही देणंघेणं नाही.

त्याला एक जखम झाली, न दुखणारी. गोळ्यांच्या तारखेला सरकारी दवाखान्यात गेला तेव्हा नेहमीचा एकच प्रश्न आला, “गोळ्या वेळेवर घेतोस ना?” यानं धीर करून जखमेचं सांगितलं. समोरून उत्तर आलं, “अजून तेच धंदे चालू आहेत का?” आजूबाजूला माणसं होती. तो घरी आला. जखम आपोआप भरली, सिफिलिसची भरतेच. काही महिन्यांनी उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं. मग सिफिलिस डोळ्यापर्यंत पोचल्याचं निदान झालं आणि दोन आठवडे शिरेतून पेनिसिलिन. नजर बरीचशी परत आली, सगळी नाही.

जखम होती तेव्हाच कळलं असतं, तर बेंझाथिन पेनिसिलिनचा एकच डोस पुरला असता. दुधासारखं दाट औषध, जाड सुई, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. दुखतं खूप, पण काम होतं. जुनं, स्वस्त औषध हे. पिंपरीत १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागलं होतं! औषध होतंच, आड आली ती जीभ. हा रोग कुठून आला, हे मी त्याला विचारलं नाही. बायकोची तपासणी झाली का, एवढंच विचारलं. झाली होती.

इंग्लंड म्हणजे स्वर्ग नव्हे. २०२२ मध्ये इथे संसर्गजन्य टप्प्यातल्या सिफिलिसचे ८,६९२ रुग्ण नोंदले गेले, १९४८ नंतरचे तोवरचे सर्वांत जास्त. नुसतं विचारल्यानं रोग थांबत नाही. पण डोळ्यापर्यंत पोचायच्या आत बराचसा पकडला जातो. आणि आपली लाज आपल्याबरोबर विमानात बसून येते. परवा एका मराठी मुलानं माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं आणि खुर्चीतून उठलाच. दुसरी नर्स मागितली. मी लगेच दिली, तो त्याचा हक्कच आहे. पण दिवसभर त्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलला नाही.

मित्राची पुढची तारीख जवळ आलीय. रविवारी त्याचा फोन आला, “तिथे नेमकं काय बोलू?”

“म्हण, माझी सिफिलिसची तपासणी करायची आहे.”

“आणि कारण?”

“कारण सांगायचं नाही.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “थांब, लिहून घेतो.”